अक्षरांची किल्ली कोणाच्या हाती?

(प्राथमिक शिक्षकांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुलांना वाचावयास कसे शिकवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. देशापुढे महागाई, बेकारी, जातीयता असे प्रश्न आ वासून उभे असताना काना, मात्रा आणि वेलांटी यांवर तासभर बोलणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्यापैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. पहिलीच्या वर्गात अक्षर कसे शिकवले जाते, हा समतेच्या राजकारणातला एक मूलभूत प्रश्न आहे आणि आपण समाजवादी म्हणवणाऱ्यांनी त्याची जितकी उपेक्षा केली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची केली असेल.

आपण सर्वांनी पाहिलेले एक दृश्य आठवा. चौथीचा वर्ग आहे. शाळा पाहावयास कोणी पाहुणे आले आहेत. ते एका मुलीला धडा वाचावयास सांगतात. ती उभी राहते, पुस्तक उघडते, ओळीवर बोट ठेवते आणि खणखणीत आवाजात सुरुवात करते. एकही शब्द चुकत नाही. पाहुणे संतुष्ट होतात, गुरुजींचा जीव भांड्यात पडतो. पण बारकाईने पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की मुलीचे बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि आवाज पाचव्या ओळीवर जाऊन पोचला आहे. त्याच धड्यातला एखादा शब्द सुटा करून फळ्यावर लिहिला, तर ती गप्प होते. ती वाचत नव्हतीच, धडा म्हणत होती. तिने चार वर्षे शाळेत काढली, हजेरीपटावर तिचे नाव आहे, सरकारी आकडेवारीत ती ‘शिकणारी’ म्हणून मोजली गेली आहे आणि तरीही अक्षराचे कुलूप तिच्यासाठी उघडलेले नाही.

ही एकट्यादुकट्या मुलीची गोष्ट नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ ही पाहणी होत आली आहे. पाचवीतील मूल दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचू शकते काय, हा प्रश्नही तीत असतो. २०१८ साली सुमारे निम्मी मुले तो वाचू शकली. कोरोनाने शाळा बंद ठेवल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर घसरले. २०२४ साली ते पुन्हा निम्म्याच्या जवळपास आले आणि आपण सुटकेचा निःश्वास सोडला. मित्रहो, पाचवीतील निम्म्या मुलांना दुसरीचे वाचता येत नाही, ही सुटकेचा निःश्वास सोडण्याची बाब आहे काय?

येथपर्यंत येण्यासाठी केवढा लढा द्यावा लागला, हे आठवले म्हणजे या अपयशाची बोच अधिक जाणवते. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या घामातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या कष्टातून तो जमतो त्यांच्या मुलांना प्राथमिक शाळाही मिळत नाही, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. १९११ साली नामदार गोखल्यांनी त्यासाठी विधेयक मांडले; पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९५० च्या राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत उलटून जवळजवळ पन्नास वर्षे गेल्यावर, २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. म्हणजे शाळेच्या दारातून आत जाण्याचा हक्क मिळावयास फुल्यांच्या निवेदनापासून सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. दार उघडले, परंतु आत गेलेल्या मुलाच्या हाती अक्षरांची किल्ली कोणी दिली नाही. दार उघडणे हे चळवळीचे काम होते, तसे किल्ली देणे हेही चळवळीचेच काम आहे. ते आपण ‘शिक्षणशास्त्राचा तांत्रिक प्रश्न’ म्हणून तज्ज्ञांवर सोपवून मोकळे झालो.

ही किल्ली म्हणजे काय? बोललेला शब्द हा आवाजांचा बनलेला असतो आणि प्रत्येक आवाजासाठी कागदावर एक खूण असते, एवढेच ते रहस्य आहे. आपल्याला ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यात रहस्य काय, असे वाटते. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘आई’ हा शब्द म्हणजे आपली आई वाटते. तो दोन आवाजांचा जोड आहे, हे त्याच्या गावीही नसते. ‘मामा’ आणि ‘माती’ यांची सुरुवात सारखी होते, हे कानाने ओळखणे, ‘ताक’ या शब्दातला पहिला आवाज काढून तेथे ‘ना’ घातला तर ‘नाक’ होते, हे खेळता खेळता कळणे आणि मग त्या त्या आवाजाची खूण डोळ्याने ओळखणे, हा वाचनाचा खरा प्रारंभ होय. इंग्रजीत ज्याला फोनिक्स म्हणतात आणि आपण ध्वनिपद्धती म्हणू, तिचे सार एवढेच आहे.

ज्या घरात वर्तमानपत्र येते, आजी मांडीवर बसवून गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवते, भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, भेंड्या आणि कोडी चालतात, त्या घरातील मुलाला ही किल्ली नकळत मिळालेली असते. ते शाळेत येते तेव्हा अर्धे शिकूनच येते. मग शिकवण्याची पद्धत कोणतीही असो, ते वाचावयास लागते आणि त्याचे श्रेय शाळा घेते. पण ज्याचे आईबाप पहाटे कामावर जातात, ज्याच्या घरात छापील कागद वाण्याच्या पुडीखेरीज येत नाही, त्या मुलाला ती शाळेनेच द्यावयास हवी. हातात द्यावयास हवी, ‘आपोआप येईल’ असे म्हणून चालणार नाही. आपोआप येते ते ज्यांच्या घरात आधीच आहे त्यांना. म्हणून म्हणतो, की शिकवण्यातील संदिग्धता ही तटस्थ नसते. ती नेहमी सुस्थितांच्या बाजूने असते.

कोणी म्हणेल, आपली देवनागरी तर उच्चारानुसारी आहे. येथे इंग्रजीसारखा गोंधळ नाही. हे बव्हंशी खरे आहे. आपली वर्णमाला ही ध्वनिशास्त्राची फार मोठी कामगिरी आहे. कंठातून निघणारा क-वर्ग, तालूचा च-वर्ग आणि ओठांचा प-वर्ग अशी तिची मांडणी मुखातील स्थानांप्रमाणे केलेली आहे. परंतु जी मांडणी शास्त्राच्या दृष्टीने सुंदर, ती शिकणाऱ्याच्या दृष्टीने सोयीची असतेच असे नाही. क, ख, ग, घ, ङ या क्रमाने गेले तर पाचव्याच पावलावर मुलाला असे अक्षर भेटते, ज्याने सुरू होणारा एकही शब्द त्याच्या तोंडी नाही. पुढे बाराखडीत चौतीस व्यंजनांची बारा बारा रूपे, म्हणजे चारशेच्या वर रूपे होतात. मूल त्यांचे गाणे म्हणते, आणि गाणे म्हणताना फळ्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. बाराखडी पाठ असलेले आणि तरीही ‘कि’ हे अक्षर मधूनच दाखवल्यास ‘क’ पासून बोटे मोजत यावे लागणारे मूल आपण सर्वांनी पाहिले आहे.

शिवाय आपल्या लिपीच्या म्हणून काही अडचणी आहेतच. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. ‘र’ तर बहुरूपी: ‘क्रम’, ‘ट्रक’, ‘सर्व’ आणि ‘तऱ्हा’ या चार शब्दांत तो चार वेषांत येतो. ‘चमचा’ या एकाच शब्दातील दोन ‘च’ आपण दोन प्रकारांनी उच्चारतो. ‘चिमणी’ असे लिहून आपण ‘चिम्णी’ म्हणतो, ‘बसला’ असे लिहून ‘बस्ला’ म्हणतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या नवशिक्याच्या डोळ्याला जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. या अडचणी शिक्षकाला ठाऊक असतील तर त्या क्षुल्लक आहेत. ठाऊक नसतील, तर प्रत्येक अडचणीपाशी काही मुले मागे राहतात आणि ‘डोक्याने मंद’ ठरतात.

यावर उपाय कोणता? तो खर्चिक नाही. वर्णमालेच्या क्रमाऐवजी मुलांच्या बोलण्यात वारंवार येणारी थोडी अक्षरे निवडावीत आणि त्यांच्याबरोबरच पहिल्या आठवड्यांपासून काना आणि दुसरी वेलांटी शिकवावी. म, क, र, स, त, ल ही सहा अक्षरे आणि या दोन खुणा एवढेच भांडवल घ्या. त्यांतून मामा, मामी, काका, काकी, माती, मका, मासा, ताक, रात, काम, लाल, तारा असे कितीतरी शब्द होतात. इतकेच नव्हे तर ‘काकी काम करतात’ हे अर्थपूर्ण वाक्य तयार होते आणि ते मुलाला कोणी पाठ करून दिलेले नसते, त्याने ते स्वतः उलगडलेले असते. अक्षरांचे असे लहान गट करून, त्यांना स्वरचिन्हे लगेच जोडून, शब्द व वाक्य यांकडे नेण्याचे प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झालेले आहेत. फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वस्तीतल्या, शाळेत मागे पडलेल्या मुलांपासून सुरुवात करून वाचन-लेखनाचे जे काम उभे केले, ते यासंबंधात प्रत्येक शिक्षकाने पाहण्यासारखे आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठी मुलाच्या पहिल्या अक्षराचा विचार केला. आपल्या विद्यापीठांना मात्र तो विषय फारसा प्रतिष्ठेचा वाटला नाही.

या क्रमाचा प्रश्न किती जिवाचा असू शकतो, याचे एक उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातील आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची मुले जूनमध्ये शाळेत येतात ती जेमतेम चार महिने. आता असे पाहा: जेथे आधी सगळी मुळाक्षरे, मग काना, मग वेलांट्या, उकार आणि मात्रा असा जुना क्रम चालतो, तेथे हे मूल गाव सोडते तेव्हा त्याच्यापाशी काय असते? सुटी मुळाक्षरे! त्यांच्यात काही वाचता येत नाही. कारण काना-मात्रा नसलेली मराठी अस्तित्वातच नाही. फडावर चार-पाच महिन्यांत तीही विसरली जातात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा ‘अ’ पासून. याउलट ज्या मुलाने त्याच चार महिन्यांत दहा-बारा अक्षरे आणि तीन-चार स्वरचिन्हे यांच्या बळावर छोटी वाक्ये वाचावयास सुरुवात केली आहे, ते फडावर जाताना एक जिवंत कौशल्य घेऊन जाते. ट्रकच्या पाटीवर आणि साखरेच्या पोत्यावर त्याला आपली ओळखीची अक्षरे भेटत राहतात. साखरशाळा हव्यात, हंगामी वसतिगृहे हवीत, मुळात हे स्थलांतरच थांबावे अशी रोजगाराची व्यवस्था हवी, हे सर्व खरेच. पण ते होईपर्यंत त्या चार महिन्यांत आपण काय शिकवतो, हे तर आपल्याच हाती आहे ना?

आता आपल्याच गोटातून येणाऱ्या एका आक्षेपाकडे वळतो. पुरोगामी शिक्षणविचार मानणारे अनेक मित्र म्हणतात: आवाज आणि अक्षर यांचा हा सराव म्हणजे यांत्रिक घोकंपट्टीच होय. मूल अर्थाकडून शिकते. त्याला गोष्टी द्या, भोवतालचे अनुभव द्या, वाचन आपोआप फुलेल. या आक्षेपामागील मुलांविषयीचा जिव्हाळा मला मान्य आहे. पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावर दीर्घकाळ वाद झाला. अमेरिकेत १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांच्या पुस्तकाने त्याला तोंड फोडले. १९६७ साली जीन चॉल यांनी उपलब्ध संशोधनाचा परामर्श घेऊन असा निष्कर्ष काढला की सुरुवातीच्या काळात आवाज-अक्षर संबंध स्पष्टपणे शिकवणेच अधिक फलदायी ठरते. पुढे २००० साली तेथील राष्ट्रीय वाचन समितीने आणि २००६ साली इंग्लंडमध्ये जिम रोज यांच्या अहवालाने बव्हंशी हाच कौल दिला. म्हणजे ‘आपोआप’ या शब्दावर विसंबून राहता येत नाही, हे पुरेसे स्पष्ट झाले आहे.

परंतु मला या वादात एका वेगळ्याच माणसाची साक्ष काढावयाची आहे. पाउलो फ्रेअरी यांचे नाव आपल्या चळवळीत आदराने घेतले जाते. १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्य भागातील आंजिकोस या गावी त्यांनी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांच्या अभ्यासवर्गांत वाचावयास शिकवण्याचा प्रयोग केला. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मताधिकार नव्हता; तो मिळावयास १९८५ साल उजाडावे लागले. म्हणून तेथे साक्षर करणे म्हणजे मतदार करणे होते, आणि १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेअरींना तुरुंगात आणि मग देशाबाहेर जावे लागले, त्याचे कारण यात सापडते. फ्रेअरींची आपण आठवण काढतो ती शोषितांच्या जाणीवजागृतीसाठी. पण त्यांच्या वर्गात प्रत्यक्ष काय चाले? आधी वीट या वस्तूवर चर्चा होई: ती कोण भाजतो, तिने कोणाचे घर बांधले जाते, बांधणाऱ्याला स्वतःचे घर आहे काय? मग ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा शब्द फळ्यावर येई. त्याचे तुकडे पाडले जात: ति, जो, लो. आणि मग ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु, ला-ले-लि-लो-लु असे तक्ते मांडले जात आणि त्यांतून शिकणारे नवे शब्द स्वतः घडवत.

मित्रहो, हे तक्ते म्हणजे आपल्या बाराखडीची सख्खी भावंडे नव्हेत काय? फरक एवढाच की तेथे बाराखडी जगण्यातल्या शब्दातून निघत होती आणि नव्या शब्दाकडे परत जात होती. आपल्याकडे ती कोठूनही निघत नाही आणि कोठेही जात नाही. तेव्हा अर्थ की ध्वनी, हा वाद मुळातच खोटा आहे. ध्वनीशिवाय अर्थ हे पाठांतर होते आणि अर्थाशिवाय ध्वनी ही कवायत होते. गरिबाच्या मुलाला दोन्ही हवेत, आणि दोन्ही मागण्याचा त्याला हक्क आहे.

अर्थाचा मुद्दा निघाला आहे तर घरच्या भाषेचा विचार करावयासच हवा. ध्वनिपद्धती गृहीत धरते की मुलाने अक्षरे जुळवली म्हणजे ओळखीचा शब्द त्याच्या कानी पडेल. पण मेळघाटातील कोरकू मुलाच्या कानी, गडचिरोलीतील गोंड मुलाच्या कानी कोणता ओळखीचा शब्द पडणार? कोरकू ही मुंडा कुळातील आणि गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. त्या मुलाने ‘कमळ’ हा शब्द बिनचूक उलगडला तरी त्याच्या दृष्टीने तो निव्वळ आवाजच. वारली मुलांना एकत्र करून बालशिक्षण सुरू करण्याची दृष्टी कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवली, ती याच जाणिवेतून: शाळा मुलाच्या दारी गेली पाहिजे आणि ती त्याच्या बोलीतून बोलली पाहिजे. पहिली अक्षरे घरच्या भाषेतल्या शब्दांवर बसवावीत आणि मग मराठीकडे यावे. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या वस्तीतही हा प्रश्न आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘पाणी म्हण’ असे दरडावले, तर त्याला अक्षर येण्याआधी लाज येते. आणि लाजलेले मूल तोंड उघडत नाही.

या लाजेचे दुसरे नाव शुद्धलेखन. वाचन हे मराठीत तुलनेने सोपे. लेखनाची गोष्ट निराळी. ‘वीस’ आणि ‘विष’ हे दोन शब्द उच्चारून पाहा. कानाला वेलांटीत काही फरक जाणवतो काय? नाही. तरी एकीची दुसरी आणि दुसऱ्याची पहिली. का? कारण ‘विष’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि त्याला मूळची वेलांटी राखण्याची सवलत आहे. ‘गुण’ आणि ‘ऊन’ यांचे तसेच. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि शासनाने १९६२ साली स्वीकारलेले, १९७२ साली भर घातलेले लेखननियम पाहिले, तर त्यांनी अनावश्यक अनुस्वारांचे ओझे उतरवले हा उपकारच झाला. परंतु नियम सांगून झाल्यावर बहुतेक ठिकाणी तत्सम शब्दांचा अपवाद येतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. ‘फूल’ पण ‘फुले’, ‘चूल’ पण ‘चुलीत’, ‘गरीब’ पण ‘गरिबी’ हा बदल अस्सल मराठीचा आहे. शब्द लांबला की मधला स्वर आखडतो आणि तो कानाला जाणवतो. हे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही घरच्या मुलाला आवाजाच्या आधारे दाखवता येते. नियम पाठ करण्याची गरज नाही, चार जोड्या म्हणून पाहिल्या की मूल स्वतःच नियम सांगते. उलट, कोणता शब्द तत्सम आहे हे कानाने कळत नाही. ते ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संस्कृताचा वावर होता त्या घरांतच सहज कळे. म्हणजे जेथे आपण ‘अशुद्ध’ म्हणून गुण कापतो, तेथे पुष्कळदा मुलाचे अज्ञान नव्हे, तर त्याचे कुळ तपासत असतो. तत्सम शब्दांचे लेखन शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. प्रमाण लेखन हेही सत्तेचे साधन आहे आणि ते आपल्या मुलांच्या हाती आले पाहिजे. पण ते हळूहळू, चौथी-पाचवीनंतर, कारण सांगून शिकवावे. पहिली-दुसरीतील मुलाने ‘वीष’ लिहिले तर त्याने कानाशी प्रामाणिक राहून लिहिले, हे ओळखून त्याची पाठ थोपटावी. आणि ‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्दच, ज्यांना सोवळ्याओवळ्याचा वास येतो, आपल्या वर्गातून हद्दपार करावेत.

इंग्रजीविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या भाषेत सव्वीस अक्षरांनी सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा कारभार करावयाचा असतो. म्हणूनच फोनिक्सची पद्धत तेथे वादाचा आणि संशोधनाचा विषय झाली. आपल्याकडे शहरातील सुखवस्तू वस्त्यांत ‘फोनिक्सचे वर्ग’ भरतात, त्यांचे शुल्क आकारले जाते. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल मात्र ‘सी-ए-टी कॅट’ असे अक्षरांच्या नावांचे गाणे म्हणत राहते. सी, ए आणि टी ही नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांचे ‘कॅट’ कसे होणार? अक्षराचे नाव वेगळे आणि त्याचा आवाज वेगळा, ही साधी गोष्ट एका वर्गाला विकत मिळते आणि दुसऱ्याला सांगितलीच जात नाही. ज्ञानाचा बाजार म्हणतात तो हाच.

मग आपण काय करावयाचे? शासनाने २०२१ साली ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू केले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाचे स्वागतच केले पाहिजे. पण मिनिटाला किती शब्द वाचले, याची मोजणी हेच जर अभियानाचे सर्वस्व झाले, तर धडा पाठ म्हणणाऱ्या मुलीच्या जागी घड्याळाकडे पाहून धावणारी मुलगी येईल, एवढेच. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतील मुलांची चाळीस शब्दांची ध्वनिचाचणी घेतली जाते. त्यांतले वीस शब्द मुद्दामच निरर्थक घेतलेले असतात. मूल अंदाजाने वाचत नाही, हे तपासण्यास त्याचा उपयोग असेल. परंतु चाचणी जवळ आली की निरर्थक शब्दांचाच सराव सुरू होण्याचा धोका त्यात आहे. साधन हे साध्याच्या जागी बसू देता कामा नये.

आपल्या मागण्या साध्या आहेत. पहिली व दुसरीच्या वर्गांना वर्षभर पूर्णवेळ शिक्षक हवा. निवडणूक, जनगणना आणि न संपणाऱ्या माहितीच्या तक्त्यांसाठी तो वर्गातून उचलला जाऊ नये. सर्वांत अनुभवी शिक्षकाला पहिलीचा वर्ग मिळावा आणि तो सन्मान समजला जावा. शिक्षक प्रशिक्षणात मराठीच्या ध्वनींचा आणि लिपीचा नीट अभ्यास असावा. प्रत्येक वर्गात मुलांनी हाताळून फाटतील इतकी गोष्टींची पुस्तके असावीत. कपाटात कुलूपबंद नव्हे. कमी पटाच्या वाड्यावस्त्यांवरील शाळा एकत्र करण्याचे जे प्रस्ताव पुनःपुन्हा पुढे येतात त्यांना आपण विरोध करावा, कारण सहा वर्षांच्या मुलाची शाळा लांब गेली की तिची वाट बंद झाली. आणि यांपैकी काहीही मिळण्याची वाट न पाहता, उद्या सकाळी आपापल्या वर्गात सहा अक्षरे आणि दोन खुणा घेऊन सुरुवात करावी. त्यासाठी शासननिर्णयाची आवश्यकता नाही.

वाचता येणे म्हणजे केवळ नोकरीचा अर्ज भरता येणे नव्हे. मजुरीच्या हिशेबाची चिठ्ठी, सातबाराचा उतारा, रेशन दुकानावरचा फलक, न्यायालयाची नोटीस हे सर्व वाचता येणाऱ्या माणसाला फसवणे कठीण जाते. म्हणूनच अक्षर हे या देशात शतकानुशतके काही मोजक्यांच्या ताब्यात ठेवले गेले. त्या मुलीचे बोट आणि तिचा आवाज ज्या दिवशी एकाच ओळीवर येतील, त्या दिवशी तो ताबा थोडासा सुटेल. ते एक बोट योग्य ओळीवर आणण्याचे काम आपले आहे आणि ते कोणत्याही मोर्चापेक्षा कमी महत्त्वाचे नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.